कॉलेज ठरवण्याआधी त्याचा वॉर्ड पाहा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, कुठून कुठून बाप विचारतात, ‘सिस्टर, पोरगी सायन्सची हाये. बीएस्सीले टाकू का जीएनएमले?’ मी अधिपरिचारिका म्हणून नोकरीला लागले, अमरावती-अकोल्याच्या सरकारी दवाखान्यांत वॉर्ड सांभाळले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. शिकाऊ मुलींच्या कित्येक तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. पदवी की पदविका, हे नंतर ठरवा. आधी विचारा, कॉलेजचा दवाखाना कोणता आणि त्यात पेशंट किती?

तरी नर्सिंगच्या वाटा नीट समजून घ्यायलाच हव्यात. एएनएम दोन वर्षांचं. ते केलेली मुलगी आरोग्यसेविका होते. मेळघाटात बाळंतपणाची निकड आली की सगळ्यांत आधी पोचते ती उपकेंद्रावरची हीच बाई, त्यामुळे या शिक्षणाला कोणी हलकं समजू नये. मात्र एम्सची भरती किंवा परदेश डोक्यात असेल, तर एएनएमवर तिथं जाता येत नाही. जीएनएम तीन वर्षांचं, कला शाखेच्या मुलीलाही घेता येतं. बीएस्सी चार वर्षांचं. त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी मिळवता येते. घरची जमीन कोरडवाहू आणि मागं दोन भावंडं शिकायची असतील, तर आधी जीएनएम, मग नोकरी, मग पोस्ट बेसिक, हा रस्ता शहाणपणाचा आहे. चार वर्षं निभावण्याची ऐपत असेल तर थेट बीएस्सी करावं, कारण पुढच्या दारांवर फरक पडतो. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते. जीएनएमवालीला त्यासाठी किमान ५० खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव लागतो.

अकोल्यात नीटच्या क्लासला सगळ्या पश्चिम विदर्भातून मुलं येतात. तिथं नंबर हुकला की घरचे म्हणतात, ‘चला, नर्सिंगला टाकू.’ टाका, पण मुलीला आधी एक दिवस वॉर्ड दाखवून आणा. वास, रक्त, रडारड आणि रात्रपाळी सोसवेल का, हे तिचं तिला कळू द्या. हिरमुसल्या मनानं आलेल्या मुलीही पुढे उत्तम सिस्टर झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना पहिल्याच वर्षी भरलेला वॉर्ड मिळाला होता.

भरलेला वॉर्ड काय शिकवतो, ते सांगते. डॉक्टरांनी लिहिलं, ५०० मिली सलाईन आठ तासांत. सेटवर एका मिलीचे २० थेंब. म्हणजे १०,००० थेंब ४८० मिनिटांत, मिनिटाला साधारण २१. वर्गात हे गणित दहावीची मुलगीही सोडवेल. वॉर्डात मात्र पेशंट कूस बदलतो, हात दुमडतो आणि धार थांबते. नातेवाईक परस्पर चकती फिरवून सलाईन भरधाव सोडतात. पेशंट म्हातारा, हृदयाचा असेल तर तेच पाणी छातीत भरतं. घड्याळ धरून थेंब मोजायची, दर फेरीला पुन्हा मोजायची सवय खाटेशेजारीच लागते.

दुसरी गोष्ट, कुणाकडे आधी धावायचं याची. नाईटचा हँडओव्हर झाला. एकीच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, टाके दुखताहेत. एकाला १०१ ताप. एकाला सुट्टीचे कागद हवेत. चौथा मधुमेहाचा, घामानं डबडबलेला, विचारलं तर उत्तर नीट देत नाही. नवखी मुलगी जो मोठ्यानं ओरडतो त्याच्याकडे जाते. मुरलेली सिस्टर तडक चौथ्याची शुगर तपासते. अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा हेच विचारते. चौघांपैकी आधी कोण? एप्रिल २०२३ पासून तर तिथं एकाच पेशंटची हळूहळू उलगडत जाणारी केस देऊन पायरीपायरीनं निर्णय विचारतात. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. इंग्लंडला संगणकावरच्या परीक्षेनंतर परीक्षकासमोर हातानं काम करून दाखवावं लागतं. पाठांतर तिथं फार पुरत नाही.

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलीला परदेशी परीक्षेचं ‘पॅकेज’ विकणाऱ्यांचा मला राग येतो. बापानं कपाशीच्या पैशातून हप्ते भरायचे आणि पोरीनं अजून बीपी घ्यायला हात न बसलेला असताना परक्या देशाचे प्रश्नसंच घोकायचे, हा उलटा कारभार आहे. आपल्याकडे सध्या वेगळी परवाना परीक्षा नाही. अंतिम परीक्षा पास झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, तोच परवाना. तो आधी हातात घ्या, दर पाच वर्षांनी न चुकता नूतनीकरण करा. मग मोठ्या दवाखान्यात दोन वर्षं काढा. आखाती देशांत बहुधा तेवढा अनुभव मागतातच. इंग्रजी मात्र पहिल्या दिवसापासून सुधारा. केस शीट रोज स्वतः वाचली आणि चार ओळींची नोंद स्वतः इंग्रजीत लिहिली, तर तीही तयारी वॉर्डातच होते.

आता दवाखान्याबद्दल. बीएस्सीच्या कॉलेजला १०० खाटांचं पालक रुग्णालय हवं, आणि वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. कागदावर तो सगळेच पाळतात. माझ्या नात्यातली एक मुलगी ज्या कॉलेजात होती, तिथं तपासणीच्या दिवशी खाटा भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी चादरीसुद्धा काढून ठेवायचे. तीन वर्षांत तिनं स्वतःच्या हातानं एकही बाळंतपण केलं नव्हतं. म्हणून पालकांनो, प्रवेशाआधी न कळवता सकाळी दहाला त्या दवाखान्यात जा. भरलेल्या खाटा मोजा. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा, किती बाळंतपणं केली, सिझेरियनला किती वेळा उभ्या राहिल्या. एजंट परराज्यात नेत असेल, तर मूळ गुणपत्रिका त्याच्या हाती देऊ नका. शिष्यवृत्ती हवी असेल, तर प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्या.

ही चौकशी खरं तर एकट्या बापावर पडता कामा नये. भरवशाची कॉलेजं सरकारनंच द्यायला हवीत. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांतली अमरावती, वाशीम, बुलढाणा ही तीन आपल्या वऱ्हाडातली. अकोल्याचं तर २००२ पासून आहे. डॉक्टर घडवायला जो भरलेला दवाखाना लागतो, तोच नर्स घडवायला लागतो. या प्रत्येक ठिकाणी त्याच खाटांवर शिकणारं, सरकारी फीचं बीएस्सी नर्सिंग कॉलेज हवं, आणि शिकाऊ मुलींकडून रिकाम्या पदांचं काम काढून घेण्याऐवजी वॉर्डात कायम नेमणुकीच्या सिस्टर हव्यात. हाताला धरून शिकवणारी अनुभवी सिस्टर नसेल, तर भरलेला वॉर्डही मुलीला नुसता दमवतो.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. या नव्या व्यवस्थेकडे माझी एक साधी मागणी आहे. प्रत्येक नर्सिंग कॉलेजनं पालक रुग्णालयाचं नाव, रोजच्या भरलेल्या खाटा, महिन्याची बाळंतपणं आणि मागच्या तुकडीचा निकाल दर्शनी फलकावर लावावा, आणि तो खोटा निघाला तर प्रवेश थांबवावेत. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याला फी भरण्याआधी तो फलक वाचता यायला हवा. तो त्याचा हक्क आहे, आणि उद्या त्याच मुलीच्या हातून इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येक पेशंटचाही.