आधी माप माणसाचे

स्वयंपाकघराचे नूतनीकरण ठरले की भिंतींची मापे तत्परतेने घेतली जातात. तिथे रांधणाऱ्या हातांचे माप मात्र राहून जाते. मग उंच ओट्यापाशी खांदे भरून येतात आणि वरचा डबा काढण्यासाठी वृद्ध पाय स्टुलावर चढतात.

म्हणून आजींना घरातल्या नेहमीच्या चपलांसह उभे राहून कोपर काटकोनात वाकवण्यास सांगावे. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून १० ते १५ सेंटिमीटर वजा केल्यास भाजी चिरण्यास सोयीची ओट्याची उंची मिळते. रांधणाऱ्या दोघींच्या उंचीत फरक असल्यास ओट्याचा एक भाग सखल ठेवावा. टाचा न उचलता हात कुठवर पोहोचतो तेही मोजावे. रोजचे डबे त्याखालीच असावेत.

नंतर आलेखाच्या कागदावर, २० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर या प्रमाणात, आराखडा काढावा. त्यात खिडकी, नळ, गॅस, विजेची बटणे आणि दार उघडण्याची दिशा दाखवावी. चाकांच्या खुर्चीला पूर्ण वळण्यास सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. आज गरज नसली तरी ते वर्तुळ काढून पाहावे. कागदावरची रेघ खोडता येते, बसवलेला ओटा सहजी हलवता येत नाही.