बुद्धिबळांतील इंग्रजी शब्दांचें कुलगोत्र

परभाषेंतील शब्द अडला म्हणजे कोश उघडावा, हा विद्यार्थ्यांस केलेला उपदेश एरव्हीं योग्यच आहे. परंतु बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक वाचणाऱ्या मुलास तो पुरा पडत नाहीं. शब्द सोपे असतात, त्यांचे कोशांतील अर्थही त्याला पाठ असतात. तरी वाक्याचा मेळ बसत नाहीं. ‘पांढऱ्यानें एक्स्चेंज जिंकला’ असें वाचल्यावर अदलाबदल कसली आणि ती जिंकावयाची कशी, हें त्यास उमगत नाहीं. चार पानांनंतर तो पुस्तक मिटतो, आणि हा खेळ इंग्रजी शाळेंतल्या मुलांचा, आपला नव्हे, अशी खूणगांठ मनाशीं बांधतो. लहान गांवांतील कित्येक तल्लख मुलें पटावर बसण्यापूर्वींच अशीं पुस्तकापुढें हार खातात. घरांतील वडीलधाऱ्यांनीं थोडें साह्य केल्यास ही हार टळण्यासारखी आहे.

सोयरीक जुळवितांना आपण कुलगोत्र विचारतों. शब्दाचेंही तसेंच विचारावें. या परिभाषेचीं मुख्यतः तीन कुळें आहेत.

पहिलें कुळ नित्याच्या इंग्रजी शब्दांचें. पण पटावर येतांच त्यांचा अर्थ पालटतो. ‘एक्स्चेंज’ जिंकणें म्हणजे आपला उंट किंवा घोडा देऊन प्रतिपक्षाचा हत्ती घेणें. ‘पीस’ या शब्दांत प्यादें धरीत नाहींत. एक ‘पीस’ अधिक आहे असें लिहिलें असल्यास घोडा किंवा उंट अधिक आहे असें समजावें. ‘फाइल’ ही कचेरींतील नव्हे, पटावरील उभी ओळ. आडवी ती ‘रँक’. ‘पास्ड पॉन’ म्हणजे परीक्षेंत उतरलेलें प्यादें नव्हे. ज्याच्या वाटेंत, स्वतःच्या अगर शेजारच्या उभ्या ओळींत, शत्रूचें एकही प्यादें आडवें येऊं शकत नाहीं, असें तें प्यादें होय. ‘कॅसल’ करणें म्हणजे राजानें हत्तीकडे दोन घरें सरकणें व हत्तीनें त्याला ओलांडून पलीकडे बसणें. यास मराठींत ‘किल्लेकोट’ असा सुरेख शब्द आहे. आमच्या धारूरचा दुर्ग ज्यानें पाहिला आहे, त्याला राजानें तटाआड कां जावें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

दुसरें कुळ आपल्याच आप्तांचें आहे. संस्कृत ‘चतुरंग’ इराणांत ‘चत्रंग’ झालें, अरबांकडे ‘शत्रंज’ झालें. खेळासोबत फारसी ‘शाह’ म्हणजे राजा युरोपांत गेला आणि फिरत फिरत इंग्रजींत ‘चेक’ झाला. ‘चेकमेट’ म्हणजे आपलें शह आणि मातच; राजा निरुपाय झाला, हा त्याचा भाव. ‘चेस’ हें खेळाचें नांवही त्याच ‘शाह’पासून निघालेलें, आणि पेढीवर वटविण्याचा चेकदेखील त्याच घराण्यांतला. ‘पॉन’ हा पायदळाचा शिपाई. त्याच्या मुळाशीं असलेला लॅटिन भाषेंतील पायाचा वाचक शब्द हा आपल्या ‘पद’ शब्दाचा सहोदर, आणि ‘प्यादा’ही त्याच गोत्रांतला. ‘क्रॉस-चेक’ म्हणजे काटशह. मात्र ‘बिशप’ येथें उपरा आहे. त्याचा ‘धर्मगुरु’ असा अर्थ करून कांहींच लाभ नाहीं. तो तिरपा चालतो, म्हणून तो आपला उंट, इतकें पुरे.

तिसऱ्या कुळांतील शब्द खुद्द इंग्रजांसही परके आहेत. ‘गॅम्बिट’ इटालियन, मूळ अर्थ पायांत पाय घालून पाडणें. डावाच्या प्रारंभीं प्यादें वगैरे देऊं करून वरचढ स्थिति मिळविणें, असा त्याचा आशय. ‘झुगझ्वांग’ जर्मन, अर्थ खेळण्याची सक्ति. स्वस्थ बसतां आलें असतें तर बरें, पण खेळी केलीच पाहिजे, आणि जी करावी ती घातकच. इकडे आड, तिकडे विहीर. ‘आँ पासाँ’ फ्रेंच. अर्थ ‘जातां जातां’. प्यादें पहिल्या खेळींत दोन घरें उडी घेऊन शत्रूच्या प्याद्याच्या शेजारीं आलें, तर तें एकच घर चाललें आहे असें मानून त्याला मारतां येतें; पण लगेच पुढच्याच खेळींत. जुन्या देशी खेळांत प्यादें सामान्यतः एकच घर चाले, म्हणून आजोबांकडून खेळ शिकलेल्या मुलास हा नियम लबाडीचा वाटतो. ‘जाडूब’ही फ्रेंचच; ‘मी मोहरा नीट बसवितों’ असा अर्थ. सामन्यांत स्पर्श केलेला मोहरा चालविणें भाग असतें. तो केवळ सारखा करावयाचा असल्यास तसें आधीं सांगावें लागतें. नियमास हेतु सांगण्याशीं प्रयोजन आहे, फ्रेंच उच्चाराशीं नव्हे. हें न कळलेला मुलगा वजीर नुसता सरळ करावयास जातो आणि डाव गमावून बसतो.

घरांत जुनीं पुस्तकें असल्यास खेळ्या लिहिण्याच्या रीतीकडेही लक्ष द्यावें. ‘पी-के ४’ ही जुनी रीत. तीच खेळी पांढऱ्याची असल्यास आतां नुसती ‘ई ४’ अशी लिहितात. जागतिक संघटना ‘फिडे’ १९८१ पासून ही नवी रीतच मानते. घोड्यास ‘एन’ हें अक्षर आहे, कारण ‘के’ राजाकडे गेलें. खेळीपुढील ! हें शाबासकीचें व ? हें चुकीचें चिन्ह.

‘इंडियन डिफेन्स’ या शब्दापाशीं मात्र थोडें थांबावें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यांत महेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली खेळाडू जॉन कॉक्रन या ब्रिटिश बॅरिस्टराशीं खेळत. प्यादीं एकेक घर सरकवून उंट बगलेस बसविण्याची त्यांची देशी धाटणी होती. तशा बचावांस पुढें भारताचें नांव मिळालें. ज्या संवयीस कोणी मागासलेली म्हटलें असतें, तिचा जगभरच्या ग्रंथांत आज अभ्यास होतो.

हें दळणवळण आपल्या विद्वानांसही नवें नव्हतें. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं बुद्धिबळावर संस्कृतांत लिहिलेल्या ग्रंथाचें, युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेलें इंग्रजी भाषांतर १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें. शास्त्रीबोवांस जें दोनशें वर्षांपूर्वीं परकें वाटलें नाहीं, तें आजच्या मुलास कां वाटावें? इंग्रजांनीं ‘झुगझ्वांग’ जसाच्या तसा घेतला, आपणही नि:संकोच घ्यावा. मात्र शह, मात, काटशह, किल्लेकोट हे घरचे शब्द टाकूं नयेत. पुस्तक वाचतांना पट शेजारीं मांडलेला असावा, वहींत एका बाजूस इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूस त्याची खेळी मराठींत लिहावी. पहिलीं वीस पानें घरांतील कोणी सोबत बसून वाचलीं, तर पुढचीं मुलगा एकटा वाचील.