सल्ला नको, कपडे पिळा

लोणावळ्याला राहते म्हटलं की लोक हेव्याने बघतात. काय ती हवा! हीच हवा वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओतते आणि जून ते सप्टेंबर दोरीवरचा परकर वाळू देत नाही. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर नाचून, चिक्कीचे पुडे काखोटीला मारून मंडळी घरी जातात. ओलं पिळायला आम्ही उरतो. मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, माझ्या मनगटांना पिळणं जमत नाही.

हे सांगायचा अवकाश, समोरच्याच्या अंगात वैद्य संचारतो. इंद्रायणी सोडा म्हणे, भात वातूळ. मावळात राहून, जिथल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने हे वाण दिलं तिथे, भात सोडू! लिंबू बंद, दही बंद, चिंच बंद. यांच्या हिशेबाने माझा शत्रू फडताळात बसलाय. खरं तर माझीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते आणि तिला आवरायला औषधच लागतं. माझं मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मग हे चिठ्ठीवर ठळक मराठीत लिहायला डॉक्टरांचे हात का दुखतात? दुखायचे तर माझे दुखायला हवेत! जोडीला फोलिक अ‍ॅसिड, ठरावीक काळाने रक्ताची आणि यकृताची तपासणी. स्वतःची काळजी म्हणतात ती ही. कंटाळवाणी आहे, हिचे फोटो निघत नाहीत.

फोटो निघतात रिसॉर्टात. वेलनेस, डिटॉक्स, डोक्यावर तेलाची धार. याच गावात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, योगक्रियांनी शरीरात नेमकं काय घडतं ते प्रयोगशाळेत मोजायला घेतलं आणि ते छापायला ‘योगमीमांसा’ सुरू केलं. शंभर वर्षांनी त्याच डोंगरात काहीही न मोजता ‘मुळापासून बरं करू’ म्हणणारे पावती फाडतात. व्यायामाचं मला वावडं नाही. सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून उघडमीट करते, सूज असेल त्या दिवशी सांध्यांना ताण देत नाही. त्याला पॅकेज लागत नाही.

पुडीवाल्यांचा राग याहून मोठा. ‘जडीबुटी’ घेतली, तीन दिवसांत बाई चालायला लागली. लागणारच, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय. कॉर्टिसोनवरच्या कामाला 1950 चं नोबेल मिळालं, औषध खोटं नाहीच. पण डॉक्टर ते मोजून देतो नि मोजून उतरवतो. पुडीत ते हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं, आणि उपचाराचे सुरुवातीचे मोलाचे महिने वाया जातात. तेवढ्यात बोटं वाकडी होतात, ती पुडीने सरळ होत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रांनी घरोघर सांधेदुखीची पाहणी केली. प्रौढांत हजारी पाचेक जणांना हा आजार निघाला. मावळ काही निराळं नसणार. बायकांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिपटीने होतो. जुलैत चिखलात वाकून आवण लावणाऱ्या बाईची बोटं सुजली की घर म्हणतं, कामाने होतं. सकाळी तासभर सुनेची मूठ वळत नाही, तर ती आळशी. सासूची वळत नाही, तर वय झालं. दवाखान्यात न्यायची वेळ दोघींचीही येत नाही.

माझ्या घरी मायेने सांगायचे, ‘जमेल तेवढंच कर.’ उरलेलं कोण करणार, हे कुणी बोलत नसे. जाड मुठीचा झारा आणला, गोल फिरवायचे नळ काढून दांडीचे बसवले. ही झाली वस्तूंची सोय. माणसांची सोय करायला भांडावं लागलं. आता कुकरचं झाकण नवरा लावतो. कणीक मुलगा मळतो, ती सैल होते, पोळ्या फाटतात. पाहुण्यांतल्या कुणी नाक मुरडलं की मी परात त्यांच्यापुढे सरकवते.