मोटार मालकाची, कुलूप कंपनीचे

मोटार विकत घेणाऱ्याच्या हाती कंपनी समारंभपूर्वक किल्ली देते. परंतु आजच्या मोटारीला आणखी एक कुलूप असते, आणि त्याची किल्ली मालकाला सहसा मिळत नाही. स्टिअरिंगच्या खाली, सहज नजरेस न येणाऱ्या जागी १६ पिनांचे एक सॉकेट बसवलेले असते. तंत्रज्ञ त्याला ‘ओबीडी’ म्हणतात. मोटारीची नाडी तपासण्याची जागा तीच. इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांवर देखरेख करणारे छोटे संगणक आपापल्या तक्रारी सांकेतिक क्रमांकांत नोंदवून ठेवतात. सॉकेटला यंत्र जोडले की त्या वाचता येतात. ‘पी०३००’ असा क्रमांक दिसला, तर इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, एवढे जाणकार मिस्त्रीला तत्काळ कळते.

या व्यवस्थेचा जन्म हवेच्या प्रदूषणाच्या चिंतेतून झाला. कॅलिफोर्नियाने पुढाकार घेतला आणि १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला एकाच पद्धतीचे सॉकेट व एकसारखे संकेत बंधनकारक झाले. भारतात ‘भारत स्टेज-४’ मानकांबरोबर ही व्यवस्था आली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज-६’ने ती अधिक कडक केली. पण कायद्याने खुले केले ते मुख्यत्वे प्रदूषणाशी निगडित संकेत. बाकीचे बरेच संकेत प्रत्येक कंपनीने आपल्या खासगी भाषेत ठेवले आहेत.

खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. काही डिझेल मोटारींत नवा इंजेक्टर बसवला, तर त्याचा क्रमांक इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो. हरवलेल्या किल्लीऐवजी दुसरी केली, तरी मोटारीला तिची ओळख करून द्यावी लागते. ही कामे पान्याने होत नाहीत. त्यांना कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा तालुक्याच्या गावातला कसबी मिस्त्री अशा वेळी हतबल होतो आणि ग्राहकाला दूरच्या शहरातील अधिकृत केंद्राची वाट धरावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या हातांत जपलेले कौशल्य एका सांकेतिक शब्दासाठी निरुपयोगी ठरावे, ही केवळ गैरसोय नव्हे. तो कारागिराचा तेजोभंग आहे.

ही तक्रार काल्पनिक नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा बाजारपेठेतील वर्चस्वाचा दुरुपयोग आहे, असे आयोगाने स्पष्टपणे नोंदवले. कंपन्यांनी न्यायालयाची पायरी चढली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू केले. पाऊल स्वागतार्ह आहे; पण पोर्टलवर माहिती देणे वेगळे आणि कायद्याने हक्क देणे वेगळे. मुक्त बाजाराची द्वाही फिरवणाऱ्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० अशा दोन वेळा मतपेटीतून हा हक्क मागून घेतला, हे आपल्या धोरणकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

तथापि, नाण्याची दुसरी बाजू दृष्टिआड करून चालणार नाही. याच सॉकेटमधून इंजिनाची मूळ मांडणी बदलून ताकद वाढवून देणारे, धूर गाळणारी यंत्रणा निकामी करून देणारे महाभागही शहराशहरांत आहेत. त्याला दुरुस्ती म्हणणे हा शब्दाचा अपमान होय. मोटार एकाची असली तरी तिचा धूर सर्वांच्या फुप्फुसात जातो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरबदलांसाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली, ती योग्यच आहे.

मात्र कुलूप कंपनीच्या हाती राहिले की सचोटी आपोआप राखली जाते, हा भ्रम २०१५ मध्येच फुटला. फोक्सवॅगनने डिझेल मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी दाखवण्याची सोय केल्याचे अमेरिकेत उघड झाले. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख मोटारींत हे सॉफ्टवेअर होते. भारतात पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचण्यांनंतर सव्वातीन लाखांच्या आसपास मोटारी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. बंद पेटीतले पाप बाहेर आले, ते बाहेरच्यांनी तपासले म्हणून.

तेव्हा मार्ग स्पष्ट आहे. दोष वाचणे आणि दुरुस्तीपुरती नोंद बदलणे, यांचा अधिकार मालकाला व त्याने निवडलेल्या प्रशिक्षित कारागिराला वाजवी दरात मिळावा. प्रदूषण व सुरक्षेच्या मांडणीत ढवळाढवळ करणाऱ्यास, मग तो गल्लीतला असो वा बहुराष्ट्रीय, सारखेच शासन व्हावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत मोटार मिस्त्री नाही. त्याचाही विचार व्हावा. आयटीआयच्या प्रत्येक कार्यशाळेत निदानयंत्र असावे.

भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंतीला राष्ट्रीय श्रमदिन मानतो. त्या दिवशी गॅरेजमध्ये पान्यांची, हातोड्यांची पूजा होते. त्या साधनांच्या रांगेत आता निदानयंत्रही आले पाहिजे. स्वदेशी म्हणजे केवळ देशात जोडलेली मोटार नव्हे. ती आपल्याच माणसांच्या हातांनी, दुसऱ्याच्या परवानगीवाचून दुरुस्त करता येणे, हा स्वदेशीचा खरा अर्थ आहे.