आधी सांगा, कोणासाठी?

पुण्याच्या मंडईच्या बांधकामाचा विषय निघाला की दोन पक्ष हमखास समोरासमोर येतात. एक म्हणतो, जुने पाडा आणि चकाचक बहुमजली संकुल उभारा. दुसरा म्हणतो, एका दगडालाही हात लावू नका. पुणेकर गमतीने ज्याला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात, तिथे वादाला तोटा नाहीच. पण खऱ्या विद्यापीठांची आवारे वाढू लागली की तिथेही हेच दोन पक्ष भेटतात. आमच्या मते दोघेही चुकतात.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की १८८६ची दगडी इमारत आजच्या गरजेला पुरत नाही. असे म्हणणाऱ्यांनी एकदा आत जाऊन पाहावे. मधोमध मनोरा, त्याच्याभोवती फाकलेली दालने, उंच छत आणि त्यामुळे खेळती हवा. भाजीवाली उंच ओट्यावर मांडी घालून बसते. वांगी, गवार, लिंबे हाताच्या अंतरावर रचलेली, डोक्यावर दिवा, समोर खाली उभे गिऱ्हाईक. जागेवरून न उठता ती तोलते, पैसे घेते आणि वर चार मिरच्याही टाकते. हाच गाळा दुसऱ्या मजल्यावर नेला, तर कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी जिना कोण चढणार? आणि डोक्यावर पोते घेऊन तो जिना हमालाने दिवसातून किती वेळा चढायचा? संकुलाच्या चित्रात सरकते जिने दिसतात, हमाल दिसत नाही.

दुसऱ्या पक्षाला वारशाची काळजी आहे आणि ती रास्त आहे. पण मंडई कधीच जागच्या जागी गोठलेली नव्हती. या इमारतीआधी बाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरत असे. पुढे घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी किरकोळ मंडई टिकली. गळके छत, लोंबत्या वायरी आणि तुंबलेली गटारे हा कुठल्याही इमारतीचा वारसा नसतो. त्यांना हात न लावणे म्हणजे जतन नव्हे, ती हेळसांड आहे.

तिसरा आक्षेप जरा चतुर आहे. या मंडईच्या खर्चाला खुद्द जोतीराव फुल्यांनीच विरोध केला होता, मग आता तिचे एवढे कौतुक कशाला? विरोध केला होता, हे खरे. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर उधळायचा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्यांचे वैर दगडविटांशी नव्हते. पैसा कोणाचा आणि आधी कोणासाठी, एवढेच ते विचारत होते. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला १८६४ ते १८७१ या काळात बांधला गेला. त्याच्या वारेमाप खर्चावरही टीकेची झोड उठली होती. १९४९मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि साहेबाचा तोच बंगला पुढे विद्यार्थ्यांच्या कामी आला. मूळची ‘रे मार्केट’ असलेल्या मंडईला पुढे जोतीरावांचे नाव मिळाले आणि २०१४मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे. नावे दोन्हीकडे लागली, जोतीरावांचा प्रश्न मात्र कुठल्याच निविदेत दिसत नाही.

आम्ही नव्या बांधकामाच्या विरोधात नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. जुन्या मंडईला धक्का न लावता तिच्याजवळ नवे उभे राहू शकते, हे त्याने दाखवून दिले. मात्र महिना उलटायच्या आत त्याच स्थानकात आग लागली. वेल्डिंगच्या कामातून फोमने पेट घेतल्याचे तेव्हा सांगण्यात आले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. उद्घाटनाची फीत कापली म्हणजे काम संपले, असे मानायचे नसते, हा त्यातला धडा.

मग करायचे काय? आधी दुरुस्ती, मग विस्तार. गाळेधारकांना हलवायचे असेल, तर आधी पर्यायी जागा आणि परतीची लेखी हमी द्यावी. बांधकामाबरोबरच देखभालीचाही पैसा अंदाजपत्रकात धरावा, नाहीतर आजची नवी इमारत वीस वर्षांत ‘धोकादायक’ ठरते आणि पुन्हा पाडण्याचा प्रस्ताव येतो. विद्यापीठालाही हाच क्रम लागू आहे. वसतिगृहातली स्वच्छतागृहे आणि प्रयोगशाळांची छते आधी, प्रवेशद्वाराची कमान आणि वातानुकूलित सभागृह नंतर.

महापालिकेच्या सभागृहात वा विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेत बांधकामाचा पुढचा प्रस्ताव येईल, तेव्हा सदस्यांनी हात वर करण्याआधी जोतीरावांचा प्रश्न विचारावा. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत एक रुपयाही मंजूर करू नये.