जहाज गाठायचे तर एक दिवस आधी निघा



बिलोली तालुक्यातील एका शिक्षिका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्या लिहितात, "आई-वडिलांच्या लग्नाला या वर्षी पन्नास वर्षे होतात. दोघांचे आयुष्य दुसऱ्याच्या रानात राबण्यात गेले. आम्ही बहीण-भावाने पैसे साठवून त्यांना मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजातून न्यायचे ठरवले आहे. जहाजाच्या तिकिटाची सोय झाली. पण धर्माबादहून बंदरापर्यंत चार माणसांना नेण्याचा जो आकडा गाडीवाल्याने सांगितला, तो ऐकून बेत मोडायची पाळी आली. त्यात घरातलेच काही म्हणतात, आपल्याला कशाला हवी ही चैन? तुम्हीच सांगा."

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कर्ज काढून कोणी जहाजात बसू नये. बचत गटाचे किंवा फायनान्सवाल्याचे पैसे उचलून तर मुळीच नको. पण पोरांनी शिकून, नोकरी करून, दर महिन्याला बाजूला ठेवलेल्या पैशातून म्हाताऱ्या आई-वडिलांना चार दिवस सुखाचे दाखवले, तर त्याला चैन म्हणणाऱ्याने आधी त्या माउलीच्या तळहातावरचे घट्टे पाहावेत. शिक्षण घ्या, पैसा जोडा, असे आपण म्हणतो ते केवळ घराला स्लॅब टाकण्यासाठी नव्हे.

आता खर्चाचे पाहू. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. जमा आणि खर्च समोरासमोर मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

धर्माबादहून मुंबई रेल्वेने साधारण पावणेसातशे किलोमीटर. भाड्याची गाडी केली तर तिचे जाणे आणि रिकामे परत येणे, दोन्हींचे पैसे आपल्यालाच पडतात. हिशेबासाठी किलोमीटरला पंधरा रुपये धरले तरी तेराशे किलोमीटरचे साडेएकोणीस हजार होतात. टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. जहाज परत येईपर्यंत गाडी थांबवली तर त्या दिवसांचे पैसे, परत पाठवली तर येताना नवी गाडी. उलट रेल्वेच्या स्लीपरचे भाडे माणशी चारशेच्या आसपास पडते. चौघांचे जाऊन-येऊन सव्वातीन हजारांच्या घरात. थ्री एसीला त्याच्या अडीचपट धरा, म्हणजे आठ-साडेआठ हजार. म्हाताऱ्या माणसांना थ्री एसीत नेले तरी गाडीच्या निम्म्याहून कमी खर्च येतो आणि रात्रभर पाठ टेकवता येते. मग गाडीवाल्याचा आकडा विसरून जा.

पण वाचकहो, स्वस्तात जाणे वेगळे आणि वेळेवर पोहोचणे वेगळे. हा फरक आम्हाला पुस्तकातून कळलेला नाही. ठेच लागून कळला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या अक्काला आम्ही असेच जहाजावर न्यायला निघालो होतो. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत झाडलोट करून निवृत्त झाली. आमची कॉलेजची फी तिने भरली आहे, म्हणून तिची ही एक इच्छा पुरी करायची होती. जहाज दुपारनंतर सुटणार होते. आम्ही हुशारी केली. मुंबईत एक रात्र राहण्याचा खर्च वाचवायचा म्हणून त्याच दिवशी सकाळी मुंबईत पोहोचणारी गाडी धरली. मनमाड ओलांडल्यावर गाडी जी थांबली ती थांबलीच. पुढे कुठेतरी मालगाडी बंद पडली होती म्हणे. अक्का खिडकीतून बाहेर पाहत होती आणि आम्ही घड्याळाकडे. बंदराच्या दारात पोहोचलो तेव्हा आत घेण्याची वेळ टळून गेली होती. जहाज अजून धक्क्यालाच होते, भिंतीवरून त्याचा पांढरा माथा दिसत होता. पण दार बंद झाले ते झाले. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत, आणि तो नियम तिकिटावर छापलेलाच होता. आम्ही तो वाचला नव्हता. दोष दुसऱ्या कोणाचाही नाही, आमचा होता. हजार-दीड हजार वाचवायला गेलो आणि चार माणसांचे सगळे तिकीट बुडवले.

आम्ही फुटपाथवर मान खाली घालून बसलो. अक्का म्हणाली, "जहाज चुकलं म्हून काय समिंदर आटला का? ऊठ." त्या दिवशी आम्ही तिला गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसवले. तासाभराचा प्रवास. ती सबंध वेळ कठडा धरून उभी होती. तिला आनंद झाला, हे खरे. पण तो पांढरा माथा आमच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

म्हणून आमचा पहिला आणि मुख्य नियम असा की जहाजाच्या आदल्या दिवशी मुंबईत हजर व्हावे. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च हा उधळपट्टीत धरू नका, तो विम्याचा हप्ता समजा.

आता जाण्याचे मार्ग क्रमाने सांगतो.

देवगिरी एक्सप्रेस आपल्याला सर्वांत सोयीची. ती तेलंगणातून येते, धर्माबादला थांबते, संध्याकाळी नांदेड घेते आणि सकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. घरासमोर बसून दारात उतरल्यासारखे आहे. पण धर्माबादच्या वाट्याला जागा थोड्या येतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते, पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी उघडत असे. तेव्हा जहाजाची तारीख पक्की झाली की साठावा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने मांडून ठेवा.

देवगिरीत जागा मिळाली नाही तर नांदेडहून सुटणाऱ्या गाड्या पाहाव्यात. तपोवन सकाळी निघते आणि रात्री मुंबईत उतरवते. राज्यराणी रात्रीची आहे. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही नांदेडहून सुटते. पहाटे निघून ती दुपारी मुंबईला पोहोचते, मात्र तिचे भाडे जास्त आहे. या सगळ्या गाड्यांसाठी नांदेडपर्यंत आधी जावे लागते, हे वेळेच्या हिशेबात धरावे.

तिसरा मार्ग आपल्या हक्काचा. धर्माबादहूनच पहाटे सुटणारी मराठवाडा एक्सप्रेस. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात तारखेला जाणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. ती मनमाडपर्यंत जाते आणि मनमाडहून मुंबईला दिवसभर गाड्या आहेत. खिसा फारच हलका असेल आणि माणसे धडधाकट असतील तर हा मार्ग बरा. म्हाताऱ्यांना घेऊन गाडी बदलण्याची दगदग आम्ही सुचवणार नाही. जनरल डब्याचे भाडे स्लीपरच्या निम्म्याच्या आसपास पडते, पण सत्तरीच्या माणसाला त्या गर्दीत कोंबून वाचवलेला पैसा पुढे औषधाला जातो.

चौथा मार्ग एसटीचा. येथे आई-वडिलांचे वय आपल्या कामी येते. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. आधार कार्ड जवळ हवे. पैशाने याहून स्वस्त काही नाही. मात्र नांदेडहून मुंबई म्हणजे सबंध रात्र बसून काढायची. गुडघे साथ देत असतील तरच या वाटेला जा. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना जी भाड्याची सवलत होती ती मार्च २०२० पासून बंद आहे. पण साठीवरील पुरुष आणि पंचेचाळिशीवरील महिला यांना खालचा बर्थ मिळावा म्हणून वेगळा कोटा आहे. तिकीट काढताना वय बरोबर लिहा आणि तो कोटा मागा.

तारीख निवडतानाही भान ठेवावे. पावसाळ्यात हे जहाज सहसा पश्चिम किनाऱ्यावर नसते. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे जहाज मुंबईहून सुरू झाले, तेव्हापासून अनेकदा उन्हाळ्यानंतरच्या फेऱ्या चेन्नईहून झाल्या आहेत. फेरी चेन्नईहून असेल तर आपण मुंबईकडे न जाता सिकंदराबादची गाडी धरावी आणि तेथून रात्रीच्या गाडीने चेन्नई गाठावी. ६ डिसेंबरच्या आसपास मुंबईची गर्दी आपल्याला सांगायला नकोच. त्या दिवसांत चैत्यभूमीला जावे, जहाजाचा बेत पुढच्या महिन्यात करावा.

शेवटचा टप्पा लहान आहे, पण आपली माणसे नेमकी येथेच चुकतात. मुंबई म्हटली की आपले पाय आपोआप दादरला उतरतात. चैत्यभूमीची ती सवय आहे. जहाजासाठी मात्र दादरला उतरू नका. बसून राहा, शेवटच्या स्थानकावर उतरा. तेथून बॅलार्ड पियर अगदी जवळ आहे, सामान आणि म्हातारी माणसे असली तरी टॅक्सीचे भाडे थोडेच होते. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा डॉकला नवीन आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले आहे, म्हणून कोणत्या दाराने आत जायचे ते आपल्या तिकिटावर वाचून घ्या. जहाज सुटण्याची वेळ आणि आत घेणे बंद होण्याची वेळ या दोन निराळ्या वेळा आहेत. आमचे जहाज याच दोन वेळांच्या मध्ये बुडाले.

मुक्काम नातेवाईकांकडे होत असेल तर उत्तम. चेंबूर, घाटकोपर, वरळी, कुठेतरी आपले कोणी असतेच. नसेल तर स्थानकातील विश्रामगृहाची खोली रेल्वेच्या तिकिटावर आधी आरक्षित करता येते. शिदोरी घरची न्यावी. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. जहाजावर जेवण तिकिटातच असते, म्हणून शिदोरी वाटेपुरतीच न्या. खोली बिनखिडकीची घेतली तरी चालेल, ती सर्वांत स्वस्त असते आणि समुद्र पाहायला वरचा डेक सर्वांना सारखाच आहे. सांगितलेल्या दरावर कर आणि बंदराचे शुल्क वेगळे आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. ओळखपत्रे, औषधे, पैसे आणि तिकिटे मोठ्या बॅगेत टाकू नका, अंगावरच्या पिशवीत ठेवा. याबाबतीत बाबासाहेबांचा १९१७ सालचा प्रवास आठवावा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचे शिक्षण अर्धे सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. लंडनहून आगगाडीने ते फ्रान्समधील मार्सेलिस बंदराला आले, तेथून कैसर-ए-हिंद जहाजाने कोलंबोला उतरले आणि पुढे आगगाडीने ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला पोहोचले. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले आणि बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. माणूस एका वाटेने आणि त्याचा जीव की प्राण असलेले सामान दुसऱ्या वाटेने, असे शक्यतो होऊ देऊ नये.

त्याच समुद्रावरून आता बिलोली तालुक्यातील एक शेतमजूर नवरा-बायको सुखासाठी जाणार आहेत. शिकायला नव्हे, पोटासाठी नव्हे, फक्त समुद्र पाहायला. भगिनी, बेत मोडू नका. साठ दिवस आधी तिकीट काढा, एक दिवस आधी निघा, आणि शेवटच्या स्थानकावर उतरा.

अक्काचे काय झाले, असे काही वाचक विचारतील. आम्ही पुन्हा पैसे साठवले आहेत. येत्या थंडीत जायचे आहे. अक्काने पिशवी आत्ताच खुंटीला अडकवून ठेवली आहे, आणि मुक्कामाला चेंबूरच्या भाच्याला तिने स्वतः फोन करून कळवले आहे की आम्ही एक दिवस आधी येतो.

जय भीम.