विश्लेषण : दुकान-ऑफिससाठी काच निवडताना ‘चौरस फुटाचा दर’ पुरेसा का नाही?

पुणे, ठाणे, नाशिक किंवा कोल्हापूर, कुठेही नवी व्यावसायिक इमारत उभी राहिली, की तळमजल्याच्या गाळ्यांना समोरून पूर्ण काच आणि वरच्या मजल्यांना काचेचे आवरण हे आता ठरून गेले आहे. दवाखाना असो, सराफी पेढी असो वा कोचिंग क्लास, फर्निचरच्या कोटेशनमध्ये काचेसाठी बहुधा एकच ओळ असते : ‘ग्लास वर्क, १२ एमएम, इतके चौरस फूट, इतका दर’. घासाघीस होते ती दरावर. ती काच साधी आहे की टफन्ड, फुटली तर काय होईल, दुपारचे ऊन ती किती आत सोडेल, याचा त्या ओळीत पत्ता नसतो.

काचेच्या दारामुळे जीव जाऊ शकतो?

गेला आहे. जून २०२० मध्ये केरळमधील पेरुंबावूर येथे बँकेत आलेली एक महिला घाईने बाहेर पडताना काचेच्या दारावर आदळली. काच फुटली, तिचा तुकडा पोटात घुसला आणि तिचा मृत्यू झाला. सीसीटीव्हीतील हे दृश्य तेव्हा देशभर पाहिले गेले. दार बंद आहे हे स्वच्छ काचेमुळे न कळणे ही यातली पहिली अडचण आणि काच कशी फुटते, ही दुसरी.

साधी काच फुटते तेव्हा तिचे लांब, सुरीसारखे धारदार तुकडे होतात. चौकटीत अडकलेला तुकडा तर जास्तच घातक, कारण माणूस पुढे झुकलेला असतो आणि तुकडा जागचा हलत नाही. जाडी वाढवली म्हणून हा धोका जात नाही. १२ मिलिमीटरची साधी काच ६ मिलिमीटरच्या काचेपेक्षा उशिरा फुटेल, पण फुटल्यावर तिचे तुकडे अधिक जड असतील. ‘जाड काच लावली आहे, काळजी नको’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे.

मग टफन्ड काच वेगळी कशी?

साधी काच भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होताना आकसू पाहतो आणि बाहेरच्या थराला कायमचा दाबून धरतो. काचेला तडा जायचा तर आधी हा दाब मोडावा लागतो, म्हणून तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेच्या तुलनेत ही काच साधारण चार ते पाच पट मजबूत ठरते. फुटलीच तर आत साठलेला ताण एकदम मोकळा होतो आणि तिचा खडीसाखरेसारखा चुरा होतो. खरचटते, कापते, पण पोटात शिरेल असा मोठा तुकडा सहसा राहत नाही.

याच गुणाची दुसरी बाजू कंत्राटदार अनेकदा सांगत नाहीत. टफन्ड झालेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. हँडल, कुलूप, बिजागरी यांची भोके आणि खाचा भट्टीत जाण्यापूर्वीच पाडाव्या लागतात. दुकानाची पाटी हा यातला नेहमीचा घोळ. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर कामगारांची संख्या कितीही असो, प्रत्येक दुकानाला मराठी देवनागरीत पाटी लावणे बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. पण जमिनीपासून छतापर्यंत काच घेणाऱ्या अनेकांना पाटी आठवते ती काच बसल्यावर. मग ती कशाला अडकवायची, असा प्रश्न उभा राहतो. पाटीची पट्टी आणि तिचा आधार काचेच्या मापाच्या आधी ठरला पाहिजे.

टफन्ड काचेचा आणखी एक स्वभाव म्हणजे क्वचित ती कोणी हात न लावताही फुटते. काच बनताना निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण आत राहिला, तर तो महिन्यांनी किंवा वर्षांनी प्रसरण पावतो आणि अख्खी काच कोसळते. त्यावर ‘हीट सोक’ चाचणी हा उपाय आहे. काच कारखान्यातच २९० अंशांच्या आसपास काही काळ ठेवतात, म्हणजे ज्या काचा फुटायच्या त्या तिथेच फुटतात. तळमजल्याच्या दुकानाला ही चाचणी नसली तरी चालेल, पण पाचव्या मजल्यावर, खाली पदपथ असलेल्या काचेसाठी ती मागायलाच हवी.

लॅमिनेटेड काच कुठे लागते?

जिथे फुटलेली काच खाली पडून चालणार नाही तिथे. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर असतो. काच तडकली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. मोटारीची पुढची काच अशीच असते. प्रवेशद्वारावरची काचेची छत्री, स्कायलाइट, पोटमाळ्याचा काचेचा कठडा या ठिकाणी नुसती टफन्ड पुरत नाही. ती फुटली की डोक्यावर चुऱ्याचा पाऊस पडतो आणि कठड्याच्या जागी काहीच उरत नाही. सराफी दुकान, मोबाइलचे दुकान अशा ठिकाणीही लॅमिनेटेड परवडते, कारण ती फोडून आत शिरायला चोराला वेळ लागतो. टफन्ड काच एका टोकदार घावात मोकळी होते.

विकत घेतलेली काच खरेच टफन्ड आहे हे कसे ओळखायचे?

इमारतींतील सुरक्षा काचेसाठी ‘आयएस २५५३, भाग १’ हे भारतीय मानक आहे. केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून या काचेला आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. हे चिन्ह काचेच्या कोपऱ्यात न पुसता येणारे असावे लागते. स्टिकर म्हणजे चिन्ह नव्हे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपवर टाकला, की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का, ते दिसते. काच ट्रकमधून उतरत असतानाच हे पाहावे. बसवल्यावर कोपरा अनेकदा बीडिंगच्या आत जातो.

एक घरगुती युक्तीही आहे. पोलराइज्ड गॉगल घालून काचेवर पडलेले आकाशाचे प्रतिबिंब तिरक्या कोनातून पाहिले, तर टफन्ड काचेवर ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची फिकट नक्षी दिसते. थंड हवेच्या झोतांनी ठेवलेल्या त्या खुणा असतात. हा पुरावा नाही, पण शंका घ्यायला किंवा मिटवायला बरा आहे.

उन्हाचा हिशोब कसा करायचा?

वीजबिलाचे खरे उत्तर इथे आहे आणि नेमका हाच भाग कोटेशनमध्ये नसतो.

काचेवर पडलेल्या सूर्याच्या उष्णतेपैकी किती भाग आत येतो, हे ‘एसएचजीसी’ या आकड्यावरून कळते. ६ मिलिमीटरच्या साध्या पारदर्शक काचेचा हा आकडा ०.८२ च्या आसपास असतो. म्हणजे १०० वॅट पडले तर ८२ आत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१७ च्या इमारत संहितेत मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उत्तरेखेरीज इतर दिशांसाठी ही मर्यादा ०.२७ धरली आहे. ती संहिता १०० किलोवॅट वा त्याहून अधिक वीजभाराच्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे, एकट्या गाळ्यासाठी नाही. पण ऊन काही वीजभार विचारून आत येत नाही.

ढोबळ गणित मांडू. दुकानाची काच पश्चिमेला, आकार १० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०८ चौरस फूट. एप्रिलमधल्या दुपारी चार वाजता तिच्यावर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते असे धरले, तर साध्या काचेतून सुमारे ४.९ किलोवॅट उष्णता आत येईल. एक टनाचा एसी सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे माणसे, दिवे, यंत्रे मोजण्याआधीच जवळजवळ दीड टन एसी केवळ काचेसाठी राबतो. तीच काच ०.२७ ची असेल तर आत येणारी उष्णता १.६ किलोवॅट, म्हणजे अर्ध्या टनाहून कमी. काचेवर वाचवलेले पैसे असे एसीवर आणि मग दर महिन्याला बिलावर जातात.

गाळ्याची दिशा म्हणूनच दराच्या आधी विचारायची गोष्ट आहे. आपल्याकडे दक्षिणेच्या उन्हाची भीती घातली जाते, ती निदान उन्हाळ्यापुरती अनाठायी आहे. मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावली दिवस येतो. सूर्य तेव्हा भर दुपारी थेट डोक्यावर असतो आणि पुढे जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला राहतो. दक्षिणेच्या काचेवर ऊन जास्त पडते ते हिवाळ्यात आणि तेही साध्या आडव्या छज्जाने बरेचसे अडते. छळते ती पश्चिम. मावळतीचे ऊन तिरपे, छज्जाच्या खालून शिरते. तिथे उभ्या पट्ट्या, झाड, मागे घेतलेली काच किंवा चांगली काच एवढेच उपाय उरतात.

‘काळी काच लावा, गारवा राहतो’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. रंगीत काच ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आतच सोडते. आरशासारखी रिफ्लेक्टिव्ह काच ऊन परतवते, पण दिवसा बाहेरच्याला आतला माल दिसत नाही. दुकानासाठी मग काचेचा उपयोगच काय? शिवाय रात्री आत दिवे लागले की चित्र उलटते, आतले सगळे रस्त्यावरून दिसते आणि आतल्याला फक्त स्वतःचे प्रतिबिंब. माल दाखवायचा आणि ऊनही अडवायचे तर सोलर कंट्रोल थर दिलेली काच घ्यावी, तिचा प्रकाश आत सोडण्याचा आकडा वेगळा विचारावा आणि नमुन्याचा तुकडा उन्हात धरून पाहावा. जुन्या साध्या काचेवर गडद फिल्म चिकटवताना जपून, कारण काच मध्ये तापते, चौकटीत दबलेली कड तुलनेने थंड राहते आणि त्या ताणाने ती तडकू शकते.

दुहेरी काचेचा, म्हणजे मध्ये हवेची पोकळी असलेल्या डीजीयूचा आग्रह सध्या वाढला आहे. वातानुकूलित ऑफिसला आणि रस्त्याच्या आवाजाला तिचा उपयोग होतो. मात्र दोन्ही काचा साध्याच असतील तर ऊन जवळपास तसेच आत येते. आपल्या हवामानात लो-ई थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला, पोकळीकडे हवा. डीजीयूचे सील गेले तर आत धुके साचते आणि ते पुसता येत नाही. त्यामुळे सीलची हमी लेखी घ्यावी.

आग लागली तर काचेची इमारत धोकादायक का ठरते?

धुरामुळे. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळूरुच्या कार्लटन टॉवर्समध्ये आग लागली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. धुराने कोंडलेल्या लोकांनी काचा फोडल्या, काहींनी खाली उड्या मारल्या. १८ जुलै २०१४ रोजी अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या काचेच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावर आग लागली. जवान आत अडकले आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला.

काचेचे सलग आवरण असले की धूर बाहेर जात नाही आणि जवानांना आत शिरायला जागा सापडत नाही. आवरण आणि मजल्याच्या स्लॅबमध्ये फट राहिली असेल तर धूर चिमणीसारखा वरच्या मजल्यांवर चढतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने म्हणूनच ही फट अग्निरोधक साहित्याने बुजवायला सांगितली आहे आणि प्रत्येक मजल्यावर, एकमेकांपासून १० मीटरपेक्षा जास्त अंतर नसलेली, किमान एक मीटर बाय एक मीटरची बाहेर उघडणारी तावदाने ठेवायला सांगितली आहेत. त्यांच्यावर आतून तशी सूचनाही लिहिलेली हवी. ऑफिस भाड्याने घेताना ही तावदाने मोजायला पाच मिनिटे लागतात. अनेक ठिकाणी ती असतात, पण त्यांच्यासमोर फायलींचे कपाट किंवा जिप्समची भिंत उभी केलेली असते. हे कपाट बिल्डरने नव्हे, भाडेकरूने ठेवलेले असते.

दाराचे काय?

काचेचे वजन सोपे आहे : एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीला अडीच किलो. १२ मिलिमीटर जाडीचे, एक मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दार ६३ किलोचे होते. हा सगळा भार खालच्या फ्लोअर स्प्रिंगवर येतो. ती जमिनीत बसवलेली असते, त्यामुळे पावसाचे पाणी आधी तिथेच शिरते. जिथे रस्ता उंच आणि दुकान खाली आहे, तिथे दार दोन पावसाळ्यांत जड व्हायला किंवा धाडकन आपटायला लागते. अशा जागी ॲल्युमिनियमच्या चौकटीचे, वर क्लोजर असलेले दार दिसायला साधे, पण टिकायला बरे. सेन्सरचे सरकते दार घेतलेच तर वीज गेल्यावर ते बॅटरीवर उघडते का, हे मेन स्विच पाडून पाहावे. बाहेर पडायचे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे.

आणि काचेवर पट्टी हवी, मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर एक, लहान मुलांसाठी खाली एक. दुकानाचे नाव, ठिपके, नक्षी काहीही चालेल. एकूण कामातले हे सर्वांत स्वस्त काम.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावे?

प्रत्येक काचेसाठी वेगळी ओळ. ती टफन्ड आहे की लॅमिनेटेड, जाडी किती, आयएस क्रमांक कोणता, उन्हाच्या बाजूला असेल तर एसएचजीसी किती, फ्लोअर स्प्रिंग कोणत्या वजनासाठी आणि हमी किती वर्षांची. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा हिशोबही मागावा. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे, त्यामुळे एका शहरातल्या इमारतीची जाडी दुसऱ्या शहरात जशीच्या तशी उचलता येत नाही. माप घ्यायला कारागीर येईल तो फरशी, ग्रॅनाइटचा उंबरा आणि फॉल्स सीलिंगची पातळी पूर्ण झाल्यावरच यावा. त्याआधी घेतलेल्या मापाची काच अर्धा इंच मोठी निघाली तर ती घासून बसवता येत नाही. नवी काच भट्टीत घालावी लागते आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, हेही त्याच कागदावर आधी लिहिलेले बरे.